घरातली वाइन (भाग ६) : नगरचं ऊन आणि वाइनची बाटली

मागच्या भागात द्राक्षांच्या जाती पाहिल्या : शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों, शेनिन ब्लां. नगर जिल्ह्यात मात्र बाटली निवडताना जातीच्याही आधी एक गोष्ट विचारावी लागते. या बाटलीने दुकानात किती उन्हाळे काढले आहेत?

आपला जिल्हा उसाचा. प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला आणि ऊस, साखर, मळी, मळीपासून स्पिरिट ही साखळी इथे पिढ्यान्‌पिढ्या रुजली. श्रीरामपूरजवळचं टिळकनगर तर मद्यनिर्मितीसाठीच ओळखलं जातं. रम किंवा व्हिस्की ऊर्ध्वपातन करून बनते, तिच्यात साधारण ४३ टक्के अल्कोहोल असतं. ती बाटली अख्खा मे महिना फळीवर उभी राहिली तरी तिचं फारसं बिघडत नाही. वाइन म्हणजे नुसता आंबवलेला द्राक्षरस. अल्कोहोल १२ ते १४ टक्के, बाकी पाणी, आम्ल, सालीतला रंग, तुरटपणा आणि नाजूक सुवास. बूच लावल्यावरही तिच्यात बदल चालूच राहतात. उष्णता त्यांचा वेग वाढवते. तिशीच्या वरच्या तापमानात काही आठवडे काढलेल्या वाइनचा ताजेपणा जातो आणि चव शिजवलेल्या फळासारखी लागते.

आपल्याकडे वाइन विकली जाते ती याच रम-व्हिस्कीच्या दुकानांत, त्याच फळ्यांवर. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. तेव्हा सगळ्यात ठाम विरोध उभा राहिला तो आपल्याच जिल्ह्यातल्या राळेगणसिद्धीतून. अण्णा हजारेंनी १४ फेब्रुवारीपासून उपोषण जाहीर केलं. लोकांच्या हरकती-सूचना मागवू, असं सरकारने सांगितल्यावर ते थांबलं. दारूने उद्ध्वस्त झालेलं गाव ज्यांनी सावरलं, त्यांची काळजी मला मनापासून पटते. माळकरी घरात बाटली नेऊ नये, आणि जो पीत नाही त्याला आग्रह तर कधीच करू नये. पण जे घरी थोडी वाइन घेतात, त्यांनी ती नीट ओळखून घ्यावी, एवढ्यासाठीच ही लेखमाला आहे.

तर दुकानात काय पाहायचं? पहिलं म्हणजे साल. पांढरी आणि रोझे शक्यतो गेल्या एक-दोन हंगामांतलीच घ्या. आपल्याकडे द्राक्षतोड जानेवारी ते मार्चमध्ये होते, तेव्हा लेबलवरच्या सालावरून वय सहज कळतं. दुसरं, बाटली ठेवलेली जागा. रस्त्याकडच्या काचेत, ट्यूबलाइटखाली सजवलेली बाटली घेऊ नका. आतल्या खोक्यातली किंवा फ्रिजमधली मागा. बूच वर सरकलेलं असेल, मानेशी चिकट ओघळ असेल किंवा पांढरी वाइन तपकिरीकडे झुकली असेल, तर ती बाटली तापलेली आहे असं समजा. किंमत कितीही कमी असो, परत ठेवा.

संगमनेरकरांना एक सोय आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर एका अंगाला नारायणगाव, जिथे शामराव चौगुलेंनी १९८० च्या दशकात इंडेजची फसफसती वाइन उभी केली, आणि दुसऱ्या अंगाला नाशिक. वायनरीतून थेट बाटली आणता येते. पण उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ती दोन तास राहिली, तर मूळ ठिकाणाहून आणण्याचा फायदाच उरत नाही. थर्मोकोलचा डबा आणि बर्फाची पिशवी सोबत न्या, आणि वाइन सगळ्यात शेवटी घ्या.

घरी आणल्यावर स्वयंपाकघर आणि फ्रिजचा माथा सोडून कुठेही ठेवा. जुन्या दगडी घरातली मधली खोली उत्तम. सिमेंटच्या घरात पलंगाखालचा अंधारा कोपरा. मार्च ते जूनमध्ये मात्र सरळ फ्रिजमध्येच ठेवा. बुचाची बाटली आडवी ठेवावी, म्हणजे बूच ओलं राहतं. फिरकीच्या झाकणाची उभी चालते.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी, हा नियम युरोपातल्या थंड घरांमधून आला आहे. तिथली खोली १६ ते १८ अंशांची. नगरमध्ये मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा तो नियम पाळला तर घशाला फक्त अल्कोहोलचा जाळ लागेल. लाल वाइन वाढण्याआधी अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवाच. पांढरीला दोन-तीन तास लागतात, ती ८ ते १२ अंशांना खुलते. वीज गेली तर बादलीत पाणी, बर्फ आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीस-पंचवीस मिनिटांत काम होतं. बर्फही नसेल तर ओलं फडकं गुंडाळून वाऱ्यात ठेवा. आपली हवा कोरडी, त्यामुळे माठातल्या पाण्यासारखी बाटलीही गार होते. फ्रिजइतकी नाही, पण लाल वाइन पिण्याजोगी होते.

आता जेवण. काळ्या मसाल्याचं मटण, मासवडीचा रस्सा, हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी, ठेचा. या ताटाशी वाइन जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी बहुधा तुरट, जड लाल वाइन घेऊन पाहिलेली असते. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि तुरटपणा ती आणखी बोचरी करतो. किंचित गोडी आणि गारवा मात्र ती शमवतात. नाशिकच्या बऱ्याच वायनरी शेनिन ब्लां थोडी गोडसर ठेवतात. मासवडीच्या रश्श्याबरोबर ती थंडगार घेऊन पाहा. मटणाला लालच हवी असेल, तर हलकी, फळाच्या चवीची झिनफंडेल थोडी गार करून वाढा. पौष-माघात कर्जत-जामखेडकडे हुरड्याच्या आगट्या पेटतात. कोवळ्या ज्वारीची गोडी, लसणाची चटणी, दही. तिथे मी कोरडी सोव्हिन्यों ब्लां निवडेन, तिचं लिंबासारखं आंबटपण दह्याशी छान जुळतं. महागडी कॅबर्ने यातल्या कशाहीसोबत उघडू नका. ती कमी तिखटाच्या भाजलेल्या मटणासाठी राखून ठेवा.

७५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच पेले भरतात. ती एका बैठकीत संपवायची गरज नाही. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस टिकते, फसफसती मात्र दुसऱ्या दिवशीच संपवावी. पुढच्या आठवड्यात पेल्यांविषयी.