भिंती गेल्या, बोलणंही गेलं

माणसं एकत्र बसली की बोलतील आणि बोलली की त्यांना नवं काही सुचेल, या भरवशावर जगभरच्या कंपन्यांनी केबिनी पाडल्या. त्यातून वाचलेल्या भाड्याचा हिशेब पै-पैशापर्यंत ठेवला जातो. कर्मचाऱ्यांच्या हरवलेल्या लक्षाची नोंद मात्र कुठल्याच खात्यात सापडत नाही.

अमेरिकेतल्या एका बड्या कंपनीनं मुख्यालयाचा एक मजला मोकळा करायचं ठरवलं. लोकांनी एकमेकांशी जास्त बोलावं, एवढाच हेतू होता. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे इथन बर्नस्टीन आणि त्यांचे सहसंशोधक स्टीफन टर्बन यांनी ही संधी साधली. त्यांनी ५२ कर्मचाऱ्यांच्या गळ्यात एकेक बिल्ला अडकवला. कोण कोणासमोर आहे आणि कोण बोलतंय, हे या बिल्ल्याला कळायचं. काय बोलतंय, ते मात्र नोंदवलं जात नसे. भिंती जाण्याआधी कामाचे पंधरा दिवस आणि नवी मांडणी अंगवळणी पडल्यावर पुन्हा पंधरा दिवस मोजमाप झालं. आधी एक माणूस दिवसाला सरासरी ५.८ तास समोरासमोरच्या संवादात असायचा. नंतर हा आकडा १.७ तासांवर आला. म्हणजे सुमारे ७० टक्क्यांची घट झाली, आणि पाठवलेल्या ईमेलची संख्या ५६ टक्क्यांनी वाढली. दुसऱ्या एका कंपनीत १०० जणांवर केलेल्या पाहणीतही निकाल याच दिशेचा होता. हे संशोधन २०१८ साली प्रसिद्ध झालं.

मोकळ्या हॉलमध्ये बसून काम केलेल्यांना यात फारसं नवल वाटणार नाही. सगळ्यांच्या नजरा आणि कान आपल्यावर आहेत म्हटल्यावर बोलायची चोरी होते. शेजारच्याला हाक मारली तर आणखी आठ जणांच्या माना वळतात. मग माणूस कानाला हेडफोन लावतो, स्क्रीनकडे बघत राहतो आणि तीन फुटांवर बसलेल्या सहकाऱ्याला चॅटवर विचारतो, ‘वेळ आहे का?’

साबण विकणाऱ्या कंपनीचा हॉल

खुली कचेरी ही काही आजकालच्या टेक कंपन्यांची कल्पना नाही. अमेरिकेतल्या बफेलो शहरात १९०६ साली लार्किन या टपालानं साबण विकणाऱ्या कंपनीची इमारत उभी राहिली. तिचा वास्तुरचनाकार होता फ्रँक लॉइड राइट. मधोमध छतापर्यंत मोकळा चौक, वरून येणारा उजेड आणि त्याखाली रांगेनं मांडलेली कारकुनांची टेबलं, अशी तिची रचना. ग्राहकांच्या पत्रांचा ढीग इकडून तिकडे झपाट्यानं सरकला पाहिजे, यासाठी ती योजलेली होती. पाच वर्षांनी, १९११ मध्ये, फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं. स्टॉपवॉच लावून कामगाराच्या हालचाली मोजायच्या आणि कामाचे तुकडे पाडायचे, हा कारखान्यातला विचार मग कचेरीतही शिरला. हॉल मोकळा असला की देखरेख सोपी होते, हे मालकांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हॅम्बुर्गजवळ श्नेले बंधूंनी या लष्करी रांगा मोडल्या. कागद आणि निरोप कोणाकडून कोणाकडे जातात ते पाहून त्यांनी टेबलं मांडली, मधे कुंड्या ठेवल्या, जमिनीवर गालिचे अंथरले. साहेब आणि कारकून एकाच हॉलमध्ये आले. ही मांडणी युरोपभर पसरली. पण १९७० च्या दशकात तिकडे कर्मचाऱ्यांच्या प्रतिनिधी मंडळांना व्यवस्थापनाच्या निर्णयांत आवाज मिळाला, तेव्हा त्यांनी गोंगाट आणि उघडेपणाबद्दल तक्रारी मांडल्या. जर्मनी, नेदरलँड्स आणि स्वीडनमध्ये पुष्कळ ठिकाणी लहान खोल्या परत आल्या. बसणाऱ्याला विचारलं गेलं तिथे भिंत परत आली, हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

अमेरिकेत वेगळंच घडलं. हर्मन मिलर या फर्निचर कंपनीतल्या रॉबर्ट प्रॉप्स्टनं १९६८ मध्ये हलवता येणारी पार्टिशनं बाजारात आणली. विस्तृत कोनात मांडलेल्या या पडद्यांमुळे प्रत्येकाला थोडा आडोसा मिळेल आणि गरजेप्रमाणे जागा बदलता येईल, असा त्याचा विचार होता. खरेदी करणाऱ्या कंपन्यांनी वेगळं गणित केलं. पडदे काटकोनात लावले तर तेवढ्याच जागेत जास्त माणसं मावतात! त्यातून क्युबिकलची खुराडी तयार झाली. आपल्या कल्पनेचं हे काय झालं, याबद्दल प्रॉप्स्ट उतारवयात उघड चीड व्यक्त करायचा. पुढे पार्टिशनची उंची उतरत गेली, लांबलचक सलग टेबलं आली आणि ‘पारदर्शकता’ हे त्याचं नवं कारण झालं. कारणं बदलत गेली. माणशी चौरस फूट मात्र कमी होत गेले.

त्रास आवाजाचा की शब्दांचा?

खुल्या कचेरीबद्दलची पहिली तक्रार आवाजाची असते. सिडनी विद्यापीठातल्या जुंगसू किम आणि रिचर्ड डी डिअर यांनी २०१३ मध्ये ३०३ इमारतींमधल्या ४२ हजारांहून अधिक जणांची उत्तरं तपासली. खुल्या मांडणीत सर्वाधिक नाराजी होती ती आपलं बोलणं दुसऱ्याला आणि दुसऱ्याचं आपल्याला ऐकू येण्याबद्दल. सहकाऱ्यांशी संवाद सोपा होतो, हा फायदा या तोट्याची भरपाई करू शकत नाही, असाही त्यांचा निष्कर्ष होता.

इथे एक बारकावा आहे. कामात व्यत्यय आणतो तो आवाजाचा मोठेपणा नव्हे, तर त्यातलं बोलणं. पंख्याची घरघर किंवा पावसाची संततधार मेंदू थोड्या वेळात बाजूला टाकतो. बोलण्याचं तसं होत नाही. त्यातले सतत बदलणारे उच्चार मेंदू इच्छा नसतानाही टिपत राहतो. अंकांची किंवा शब्दांची ओळ क्रमानं लक्षात ठेवताना मागे कोणी बोलत असेल, तर चुका वाढतात. १९७६ मधल्या एका प्रयोगात हे बोलणं जर्मन होतं आणि ऐकणाऱ्यांना ती भाषा येत नव्हती, तरी परिणाम व्हायचा तो झालाच. त्यात बोलणं कळणारं असेल आणि काम वाचण्या-लिहिण्याचं असेल, तर व्यत्यय आणखी वाढतो. सर्वांत छळणारं असतं ते फोनवरचं एकतर्फी बोलणं. कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये दाखवून दिलं, की दोघांचं पूर्ण संभाषण ऐकू येण्यापेक्षा एकाचीच बाजू ऐकू आली तर लक्ष जास्त विचलित होतं. पुढचं वाक्य काय असेल याचा अंदाज बांधता येत नाही, म्हणून मेंदू रिकाम्या जागा भरत बसतो. डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत.

म्हणूनच खुल्या कार्यालयातल्या ध्वनीसाठी २०१२ मध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय मानकात ‘विचलन-अंतर’ मोजलं जातं. बोलणाऱ्यापासून किती लांब गेल्यावर त्याचे शब्द पुरेसे पुसट होतात, ते हे अंतर. पाच मीटरच्या आत शब्द विरले तर मांडणी चांगली, दहा मीटरच्या पुढेही ते ऐकू येत राहिले तर वाईट, असा ढोबळ निकष त्यात होता.

आता आपल्याकडच्या दोन कचेऱ्या शेजारी ठेवून पाहा. जुन्या सरकारी कचेरीत छताचा पंखा घरघरतो, कपाटांच्या भिंती झालेल्या असतात आणि फायलींचे गठ्ठे आवाज शोषतात. पुण्याच्या हिंजवडी किंवा खराडीतल्या चकचकीत मजल्यावर काच असते, गुळगुळीत फरशी असते, आणि फॅशन म्हणून फॉल्स सीलिंग काढून उघडा ठेवलेला स्लॅब असतो. हे सगळे पृष्ठभाग आवाज परतवतात. वर एसी इतका शांत, की चार ओळी पलीकडच्या टीम लीडनं परदेशी ग्राहकाला दिलेली स्पष्टीकरणं शब्दन् शब्द ऐकू येतात. कचेरी दिसायला सुधारली आणि ऐकायला बिघडली, ती अशी.

तुटलेला धागा

ऐकू येणारं बोलणं हा एक व्यत्यय. खांद्यावर पडणारी थाप हा दुसरा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या ग्लोरिया मार्क यांनी हातात घड्याळ घेऊन कार्यालयीन कर्मचाऱ्यांचे दिवस टिपले. २००५ च्या त्यांच्या पाहणीत एका कामावर सलग राहण्याचा काळ सरासरी ११ मिनिटांच्या आसपास भरला. तुटलेल्या कामाकडे त्याच दिवशी परत यायला वीस-पंचवीस मिनिटं लागत होती. हा आकडा पुष्कळदा चुकीचा सांगितला जातो. माणूस तेवढा वेळ रिकामा बसत नव्हता. मधल्या वेळात तो दुसरी दोनेक कामं करत होता. नुकसान वेगळ्या जागी होतं. अर्धवट सोडलेला विचार पुन्हा उभा करावा लागतो. आणखी एक गोष्ट खटकणारी होती. जवळपास निम्मे व्यत्यय दुसऱ्यानं आणलेले नव्हते, माणसानं स्वतःहूनच हातातलं काम सोडलं होतं. त्यामुळे सगळा दोष मांडणीवर टाकून मोकळं होता येत नाही.

मार्क यांच्याच २००८ मधल्या प्रयोगात व्यत्यय आलेल्यांनी काम उलट लवकर संपवलं. मात्र त्यांच्यावरचा ताण, घाई आणि चिडचिड वाढली होती. वरिष्ठांना काम वेळेत झालेलं दिसतं. किंमत कर्मचाऱ्याच्या अंगावर निघते. आणि ती त्याला स्वतःलाही कळेलच असं नाही. कॉर्नेलच्याच गॅरी इव्हान्स आणि डेना जॉन्सन यांनी २००० साली ४० महिला कर्मचाऱ्यांवर प्रयोग केला. त्यांच्यापैकी काहींना तीन तास खुल्या कचेरीसारख्या मध्यम आवाजात बसवलं, बाकीच्यांना शांततेत. गोंगाटात बसलेल्यांच्या शरीरात अ‍ॅड्रिनलिन वाढलं आणि नंतर दिलेली अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. ‘ताण आला का?’ या प्रश्नाला मात्र दोन्ही गटांची उत्तरं सारखीच होती.

खुली मांडणी कुठे चालते?

म्हणून प्रत्येकाला केबिन द्यावी, असा याचा अर्थ नाही. वर्तमानपत्राची न्यूजरूम, शेअर दलालांचा हॉल, रेल्वेची कंट्रोल रूम इथे शेजाऱ्याचं बोलणं कानावर पडणं हाच कामाचा भाग असतो. एमआयटीतल्या थॉमस अ‍ॅलन यांनी १९७० च्या दशकात दाखवलं होतं, की टेबलांमधलं अंतर वाढलं की संवाद झपाट्यानं घटतो आणि पन्नास मीटरपलीकडे तो जवळपास संपतो. जवळ असणं महत्त्वाचंच आहे. पण जवळ असणं आणि उघड्यावर असणं या वेगळ्या गोष्टी आहेत. शेजारशेजारच्या दोन लहान खोल्यांतली माणसंही जवळच असतात.

मांडणी बदलून व्यत्यय घटवण्याचा विचार महाराष्ट्रानं सरकारी पातळीवरही केलेला आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कामाची पद्धत, अभिलेख आणि कार्यालयाची मांडणी या तिन्हींना एकदम हात घातला. कागदपत्रांचं अ, ब, क, ड असं वर्गीकरण झालं. पुढे ‘लखीना पॅटर्न’ राज्यभर ओळखला गेला. त्यातलं मर्म व्यवहारी आहे. कागद ठरल्या जागी सापडला, तर तो शोधायला तीन टेबलांवरच्या तीन माणसांना उठवावं लागत नाही. मग अभ्यागतालाही ‘अमुक साहेब कुठे बसतात?’ असं दहा जणांना विचारत हिंडावं लागत नाही.

आजच्या कचेरीसाठी उपाय याच जातीचे आहेत आणि त्यांत फार खर्चिक काही नाही. छताला आणि भिंतींना आवाज शोषणारे पॅनल लावावेत. फोनसाठी दार बंद होणाऱ्या छोट्या खोल्या हव्यात, म्हणजे लोकांना जिन्यात उभं राहून कॉल घ्यावे लागणार नाहीत. दिवसभर फोनवर असणारी सेल्सची माणसं आणि कोड लिहिणारी माणसं एका ओळीत बसवू नयेत. सकाळचे दोन तास मीटिंगमुक्त ठेवता येतात. ग्रंथालयात कोणी मोठ्यानं बोलत नाही, ते काही भिंतींमुळे नव्हे; तिथे सगळ्यांना मान्य असलेला नियम असतो. तसा एक कोपरा कचेरीतही आखता येतो. या सगळ्यात एकच सूत्र आहे: मला केव्हा गाठता येईल, हे ठरवण्याची थोडी तरी मुभा मला असावी.

पाच मिनिटांचा हिशेब

‘एवढी जागा परवडत नाही’ हे यावरचं ठरलेलं उत्तर. तर गणितच करू. समजा, कचेरीचं भाडं महिन्याला चौरस फुटामागे ८० रुपये आहे. मांडणी आवळून माणशी दहा चौरस फूट कमी केले, तर माणशी ८०० रुपये वाचतात. त्या खुर्चीवर बसणाऱ्याचा पगार ८० हजार धरला, तर ८०० रुपये म्हणजे पगाराचा एक टक्का. आठ तासांच्या दिवसाचा एक टक्का म्हणजे पाच मिनिटांहूनही कमी. आवळलेल्या जागेमुळे दिवसाकाठी पाच मिनिटांचं काम जरी बुडालं, तरी सगळी बचत पाण्यात गेली. डेन्मार्कमधल्या एका पाहणीत खुल्या कचेरीतल्या लोकांच्या आजारपणाच्या रजा स्वतंत्र खोलीत बसणाऱ्यांपेक्षा ६२ टक्क्यांनी जास्त आढळल्या होत्या; तो खर्च तर यात धरलेलाच नाही.

हे गणित पाचवीतल्या मुलालाही सुटेल. तरी ते मांडलं जात नाही, कारण भाड्याचं बिल दर महिन्याला येतं आणि लक्षाचं बिल कधीच येत नाही. शिवाय, नकाशावर सही करणारा बहुतेक वेळा दार असलेल्या खोलीत बसलेला असतो. त्यानं सही करण्याआधी एवढंच करावं: नव्या मांडणीतली सर्वांत वाईट जागा शोधावी, म्हणजे पॅन्ट्रीला लागून, येण्याजाण्याच्या वाटेवर, दाराकडे पाठ असलेली. तिथे स्वतः पंधरा दिवस बसून काम करावं आणि मगच सही करावी.