बोर्ड बदलण्याआधी मास्ट सरकवून बघा!



तारकर्ली, मालवण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वॉटर स्पोर्ट्सचा छोटा व्यवसाय टाकायचा विचार करणारे काही जण आता फॉइल बोर्डबद्दल विचारतात. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये मार्सेयच्या समुद्रात विंडसर्फिंग आणि काइट या दोन्ही शर्यती फॉइलवर झाल्या. त्यामुळे कुतूहल वाढलंय हे खरं. पण बोर्ड विकत घेतला म्हणजे धंदा सुरू झाला, असं होत नाही.

समजा, तुमचा पहिला ग्राहक बोर्डवर उभा राहिला. बोर्ड अचानक घोड्यासारखा पुढून उधळला आणि तो पाठीवर पडला. तीन वेळा असं झालं की तो म्हणणार, "हे आपलं काम नाही." तुम्ही म्हणणार, "बोर्ड खराब दिसतोय." खरं तर दोघांचंही चुकतंय. बिघाड बहुतेक वेळा चार बोल्टमध्ये असतो, आणि दुरुस्तीचा खर्च शून्य!

आधी यंत्र समजून घ्या

बोर्डच्या खाली उभा खांब असतो, तो मास्ट. त्याच्या टोकाला आडवी दांडी, ती फ्युजलाज. दांडीवर पुढे मोठा पंख आणि मागे छोटा पंख. पाणी हवेपेक्षा साधारण 800 पट दाट असतं, म्हणून एवढासा पंखही माणसाला उचलतो. वजन उचलतो तो पुढचा पंख. मागचा पंख सहसा शेपूट थोडी खाली दाबून बोर्ड स्थिर ठेवतो.

अजून एक गोष्ट डोक्यात ठेवा. वेग दुप्पट झाला की उचल चौपट होते. म्हणून हळू असताना शांत वाटणारा बोर्ड वेग घेतला की एकदम उसळतो.

मग तोल कुठे बिघडतो?

जत्रेतला सी-सॉ आठवा. पंखाची उचल एका जागी लागते, ग्राहकाचं वजन दोन पायांच्या मधे कुठेतरी पडतं. या दोन जागा जुळल्या की तोल साधला. बोर्डच्या तळाला दोन समांतर खाचा असतात, त्यांना ट्रॅक म्हणतात. बोल्ट सैल करून मास्ट त्यात पुढे-मागे सरकवता येतो.

- पुढचा पाय सतत दाबावा लागतोय, नाक वर उठतंय? मास्ट मागे घ्या.
- मागचा पाय भरून येतोय, नाक खाली जातंय, बोर्ड उशिरा उठतोय? मास्ट पुढे घ्या.
- दोन्ही पायांवर सारखं वजन वाटतंय? हात लावू नका!

पद्धत कशी ठेवायची?

1. उत्पादकाने खूण दिली असेल तिथून सुरुवात करा, नसेल तर ट्रॅकच्या मध्यापासून. नवशिक्या ग्राहकासाठी मास्ट किंचित मागे ठेवलेला बरा, बोर्ड कमी उसळतो.
2. पाय कुठे ठेवायचे तिथे बोर्डवर चिकटपट्टी लावा. पाय रोज वेगळ्या जागी पडले तर मास्ट सरकवून काही कळणार नाही.
3. एका वेळी फक्त 1 सेंटीमीटर सरकवा, आणि एका वेळी एकच बदल करा. मास्टही हलवला, पंखही बदलला, तर फरक कशाने पडला ते कसं सांगणार?
4. वहीत लिहा: ग्राहकाचं वजन, कोणता पंख, मास्ट शेपटीपासून किती सेंटीमीटरवर, आणि ग्राहक काय म्हणाला.

मागच्या पंखाखाली पातळ पाचर घालून त्याचा कोनही बदलता येतो. पण ते शेवटी. आधी मास्ट जागेवर येऊ द्या.

इथे एक चूक हमखास होते. वजनदार ग्राहकाला बोर्ड उचलत नाही म्हणून मास्ट पुढे-पुढे नेला जातो. मित्रांनो, मास्ट सरकवल्याने उचल वाढत नाही, फक्त तिची जागा बदलते. उचल कमी पडत असेल तर मोठा पंख लागतो किंवा जास्त वेग. म्हणून पहिली खरेदी करताना एकाच मापाचे तीन संच घेण्यापेक्षा एक बोर्ड आणि दोन मापांचे पंख घ्या. पंख बदलला की तोल मात्र पुन्हा तपासायचा.

सुरक्षा म्हणजेच पुढची बुकिंग

पंखाच्या कडा धारदार असतात. हेल्मेट आणि जॅकेट सक्तीचं ठेवा. मास्टच्या लांबीपेक्षा पाणी बरंच खोल हवं. पडताना बोर्डपासून लांब, बाजूला पडायचं, हे आधी किनाऱ्यावरच शिकवा. परवानगी आणि विमा हातात आल्याशिवाय एकही ग्राहक पाण्यात नेऊ नका.

संध्याकाळी सगळं गोड्या पाण्याने धुवा. अॅल्युमिनियमच्या मास्टमध्ये स्टीलचे बोल्ट खाऱ्या पाण्यात गंजून अडकतात. ते अधूनमधून काढून ग्रीस लावा. बोल्ट अडकला तर मास्ट सरकणार नाही, आणि मग वरची सगळी पद्धत वाया!

बोर्ड तर शेजारचाही विकत घेईल. पण 60 किलोच्या मुलीला आणि 90 किलोच्या काकांना दहा मिनिटांत योग्य तोल लावून देणं, हे तुमच्या वहीतून येतं. ग्राहक पैसे त्याचेच देतो. तेव्हा वही आजच आणा!