चलच्चित्राची घडी व तिची उकल

छत्रपती संभाजीनगर, म्हणजे २०२३ सालापर्यंत औरंगाबाद या नांवानें ओळखलें जाणारें शहर, याच्या आसमंतांत चित्रित करण्याजोग्या गोष्टींची वाण नाहीं. वेरूळचें कैलास लेणें, दौलताबादचा किल्ला, बीबी-का-मकबरा हीं स्थळें तर आहेतच. परंतु सूत व रेशीम यांच्या मिश्र विणीचें हिमरू हातमागावर काढणारा एखादा वृद्ध कारागीर, किंवा जात्यावरच्या ओव्या अजून मुखोद्गत असलेली एखादी आजी, यांचीं चलच्चित्रें टिपून ठेवावीं, अशी इच्छाही आतां अनेक सुशिक्षित घरांत उत्पन्न होऊं लागली आहे. येथें अजिंठा-वेरूळ आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो, आणि लघुपट काढण्याची हौस विद्यार्थ्यांपुरती राहिलेली नाहीं.

या हौशी मंडळींस पहिली अडचण येते ती चित्रण करतांना नव्हे, तर घरीं परत आल्यावर. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर जें चित्र स्वच्छ व सुरळीत दिसत होतें, तेंच संगणकावर संकलनासाठीं घेतलें कीं अडखळूं लागतें. मागें न्यावें तर थबकतें; एखादा तुकडा कापावा तर पडदा क्षणभर गोठतो; विणकराचा धोटा मध्येंच लटकून राहतो. संगणक जुना झाला, अशी समजूत करून घेऊन कित्येक जण नव्या यंत्राच्या खर्चांत पडतात. खरें पाहतां दोष पुष्कळदां यंत्राचा नसून, चित्र ज्या रीतीनें सांठविलेलें असतें त्या रीतीचा असतो. ती रीत ध्यानांत आली म्हणजे उपायही आपोआप ध्यानांत येतो.

प्रथम थोडा हिशेब पाहावा. हाय डेफिनिशन म्हणजे उच्च स्पष्टतेचें जें चित्र, त्यांत आडवे १,९२० व उभे १,०८० असे एकूण २०,७३,६०० बिंदू असतात. प्रत्येक बिंदूचा रंग लिहावयास ३ बाइट लागतात असें धरलें, तर एका चित्रास सुमारें ६२ लक्ष बाइट होतात. सेकंदाला अशीं २५ चित्रें. म्हणजे एका सेकंदास १५५ मेगाबाइट, आणि एका तासास सुमारें ५६० गिगाबाइट! एवढा पसारा नखाएवढ्या कार्डावर मावणें शक्य नाहीं. यास्तव कॅमेरा चित्राची घडी घालतो. सोनी व पॅनासोनिक या कंपन्यांनीं २००६ सालीं ए. व्ही. सी. एच. डी. नांवाची जी पद्धति पुढें आणली, तिच्या मूळ स्वरूपांत सेकंदाला फार तर २४ मेगाबिट, म्हणजे ३ मेगाबाइट, इतकीच जागा चित्रास मिळते. तासाचें चित्रण मग अकरा गिगाबाइटांच्या आंत बसतें. पन्नास हात कापड हातभर जागेंत बसविण्यासारखाच हा प्रकार आहे.

ही घडी दोन प्रकारें घातली जाते. पहिला प्रकार एकाच चित्राच्या पोटांतला. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून, प्रत्येक चौकोनांतील ज्या बारकाव्यांची उणीव डोळ्यांस सहसा जाणवत नाहीं, ते गाळून टाकावयाचे. या कामीं जें गणित वापरलें जातें, तें प्रथम १९७४ सालीं प्रसिद्ध झालें. आणि तें मांडणारे नासिर अहमद हे मूळचे बंगळूरचे असून नटराजन व राव हे त्यांचे सहकारी होते, ही गोष्ट भारतीयांनीं ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. छायाचित्रांची जेपेग पद्धति याच गणितावर उभी आहे.

दुसरा प्रकार अधिक चतुराईचा, आणि अडचणीचें मूळही त्यांतच आहे. लागोपाठच्या दोन चित्रांत फरक थोडाच असतो. विणकराचे हात व धोटा हलतो. पण भिंत, खिडकी, मागाचा सांगाडा हे जागच्या जागींच असतात. मग प्रत्येक वेळीं भिंत नव्यानें कशास लिहावी? २००३ सालीं निश्चित झालेल्या एच. २६४ या पद्धतींत, व तिच्यावर आधारलेल्या ए. व्ही. सी. एच. डी.मध्यें, एक चित्र पूर्ण लिहिलें जातें, आणि त्यानंतरच्या दहा-बारा चित्रांविषयीं काय बदललें तेवढेंच टिपलें जातें.

जुन्या नोंदवहींत लेखनिक पहिल्या ओळींत सर्व मजकूर लिहून खालीं 'वरीलप्रमाणें, वरीलप्रमाणें' असें लिहीत जातो, त्याचीच ही आवृत्ति होय. वही वरून खालीं वाचीत गेल्यास कांहींच अडत नाहीं. परंतु मधली एकच ओळ विचारली, तर बोट वर वर नेत मूळ ओळ गांठावी लागते. शिवाय येथें कांहीं नोंदी अशाही असतात कीं, त्यांचा अर्थ मागच्या व पुढच्या अशा दोन्ही चित्रांवर अवलंबून असतो. म्हणजे 'वरीलप्रमाणें' बरोबर 'खालीलप्रमाणें'ही आलेंच!

आतां प्रेक्षकाचें काम व संकलकाचें काम यांतील भेद पाहिला म्हणजे उलगडा होतो. प्रेक्षक वही वरून खालीं वाचतो. त्याला ही घडी सोयीचीच आहे. संकलक मात्र क्षणांत पुढें, क्षणांत मागें जातो, एकाच जागीं दहा वेळां थांबतो, नेमक्या कोणत्या चित्रावर कात्री चालवावी हें ठरवितो. त्याच्या प्रत्येक हालचालीगणिक संगणकास मागचें पूर्ण चित्र शोधून तेथून पुढचीं सर्व चित्रें नव्यानें रचावीं लागतात. त्यांत दोन-तीन चित्रणें एकावर एक ठेवलीं, रंग सुधारले, अक्षरें घातलीं, कीं यंत्राची दमछाक व्हावी यांत नवल नाहीं.

यावरील उपाय असा कीं, संकलनास बसण्यापूर्वीं घडी उकलून घ्यावी. यासाठीं खास संकलनाच्या पद्धति निर्माण झालेल्या आहेत. ॲव्हिड कंपनीची डी. एन. एक्स. एच. डी. ही २००४ सालची, व ॲपल कंपनीची प्रोरेस ही २००७ सालची. दोहोंचें मर्म एकच: यांत 'वरीलप्रमाणें' हा शब्दच नाहीं. प्रत्येक चित्र स्वतंत्र व पूर्ण लिहिलेलें असतें. पहिल्या प्रकारची घडी सौम्यपणें घातलेली, दुसऱ्या प्रकारची मुळींच नाहीं. संकलकानें कोठेंही बोट ठेवावें. तें चित्र ताबडतोब समोर येतें.

या सुखाची किंमत जागेच्या रूपानें द्यावी लागते. सेकंदाला २५ चित्रें असतां प्रोरेस ४२२ या प्रतीस सेकंदामागें सुमारें १२२ मेगाबिट, म्हणजे तासास ५५ गिगाबाइट लागतात, मूळच्या पांचपट! डी. एन. एक्स. एच. डी.ची १२० मेगाबिटांची प्रत जवळजवळ तेवढीच जागा घेते. येथें एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. फाइल पांचपट मोठी झाली म्हणून चित्र पांचपट चांगलें झालें, असें मुळींच नाहीं. कॅमेऱ्यानें घडी घालतांना जे बारकावे टाकून दिले, ते रूपांतरानें परत येत नाहींत. पातळ ताक मोठ्या भांड्यांत ओतल्यानें त्याचें दहीं होत नाहीं! म्हणूनच साध्या कॅमेऱ्याच्या चित्रणासाठीं याहून उच्च प्रतीचा आग्रह धरण्यांत बहुधा हार्ड डिस्कच तेवढी भरते.

प्रत्यक्ष कृतीचा क्रम असा ठेवावा. कार्डावरील सर्व मजकूर, त्यांतील फोल्डरांच्या रचनेसह, जसाच्या तसा हार्ड डिस्कवर उतरून घ्यावा. केवळ चित्रणाच्या फाइली वेंचून घेण्याचा मोह टाळावा. कारण लांबलचक चित्रण कॅमेरा अनेक फाइलींत तोडून ठेवतो, व ते सांधे जुळविण्याची माहिती इतर फाइलींत असते. रूपांतरासाठीं एफ-एफ-एम-पेग हें विनामूल्य साधन उपलब्ध आहे, आणि संकलनाच्या बहुतेक कार्यक्रमांतही ही सोय असते. रूपांतर करतांना सेकंदाला चित्रें किती, हा आंकडा बदलूं नये. मोबाइलवरील चित्रणांत हा आंकडा पुष्कळदां क्षणोक्षणीं कमीजास्त होतो, आणि मग ओठ व आवाज यांची फारकत होते. तेथें मात्र रूपांतराच्या वेळींच तो एकसारखा करून घ्यावा. ध्वनि दाबून न ठेवतां मोकळा लिहावा. त्यानें जागा फारशी वाढत नाहीं.

ज्यांस एवढी जागा परवडत नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरा मार्ग आहे. प्रोरेसचीच प्रॉक्सी नांवाची हलकी प्रत तासास सुमारें १७ गिगाबाइटांत होते. काटछांट या हलक्या प्रतीवर करावी, आणि सर्व जुळणी पुरी झाल्यावर तिच्या जागीं मूळ चित्रण जोडून अंतिम चित्रपट तयार करावा. फाइलींचीं नांवें दोन्हीकडे एकच ठेवलीं म्हणजे ही अदलाबदल बिनबोभाट होते. तयार चित्रपट लोकांस पाठवितांना पुन्हां एच. २६४ची घडी घालावी. कारण तेथें वही वरून खालींच वाचली जाणार असते. सध्यांच्या अनेक संगणकांत घडी उकलण्याची स्वतंत्र व्यवस्था बसविलेली असते. तेव्हां चित्रण अडखळतें कीं नाहीं हें आधीं पाहून मगच रूपांतराचा खटाटोप करावा.

एका गोष्टीबद्दल मात्र सवलत नाहीं. रूपांतर झालें, आतां मूळ फाइली कशाला, असें म्हणून त्या पुसून टाकण्याची प्रवृत्ति फार आढळते. ती किती घातक आहे, याचा धडा अजिंठ्यानेंच दिलेला आहे. १८४४ सालीं ईस्ट इंडिया कंपनीनें रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्यास तेथील भित्तिचित्रांच्या नकला काढण्यास नेमलें. जवळजवळ वीस वर्षें खपून त्यानें केलेल्या मोठमोठ्या नकला लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें मांडलेल्या असतां १८६६च्या आगींत, थोड्या वगळतां, जळून गेल्या. पुढें १८७२ ते १८८५ या काळांत मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनीं आपल्या विद्यार्थ्यांकरवीं तें काम पुनः केलें. त्यांपैकीं पुष्कळ नकला साउथ केन्सिंग्टन येथील १८८५च्या आगीच्या भक्ष्यस्थानीं पडल्या. तरी ग्रिफिथ्स यांस पुन्हां आरंभ करतां आला, तो भिंतीवरचें मूळ शिल्लक होतें म्हणून.

हिमरूच्या विणकराचें किंवा आजीच्या ओव्यांचें तसें नाहीं. तीं माणसें गेल्यावर पुन्हां पाहावयास भिंत उरत नाहीं; कॅमेऱ्यानें लिहिलेली मूळ फाइल हीच त्यांची भिंत. रूपांतरित प्रत ही नक्कल होय, आणि घडी उकलून पुन्हां घालण्याच्या प्रत्येक खेपेस कांहीं तरी गळतेंच. लेण्यांतील मंद उजेडांत हें विशेष दिसून येतें: तेथें फ्लॅशचा वापर निषिद्ध असल्यानें चित्रण अंधुक उतरतें, आणि दोन-तीनदां घडी बदललेल्या चित्रांत काळसर छटांच्या जागीं चौकोनी ठोकळे उमटूं लागतात.

याकरितां कार्डावरून उतरलेल्या मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कवर कराव्या. त्यांपैकीं एक आपल्या घरीं, तर दुसरी आप्ताच्या घरीं असावी. दोन्ही प्रती उघडून, आरंभ, मध्य व शेवट पाहून, खात्री झाल्यावांचून कार्ड पुसूं नये. संकलनासाठीं केलेली पांचपट मोठी प्रत काम संपल्यावर खुशाल टाकून द्यावी; ती केव्हांही पुन्हां करतां येते. लोक बहुधा याच्या नेमकें उलट करतात: मोठी फाइल मोलाची समजून जपतात, आणि लहान ती मूळ असूनही पुसतात. ज्या घरांत ही एक चूक टळेल, त्या घरांतील आजीच्या ओव्या नातवंडांच्या मुलांस त्यांच्या काळच्या साधनांनीं, आजच्याहून अधिक चांगल्या रीतीनें, पुनः संकलित करतां येतील.