किंमत कशासाठी हवी?

एकच कोल्हापुरी साज बँकेत तारण ठेवायला नेला तर एक आकडा येतो, सराफाकडे मोडीत दिला तर दुसरा आणि विम्यासाठी विचारलं तर तिसरा. तिघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. बँक नुसतं सोनं मोजते. खडे, मोती, घडणावळ सोडून देते. मोड घेणारा तूट वजा करतो. विमा कंपनीला मात्र तसाच साज आज नव्याने घडवायला किती लागतील, हे हवं असतं. म्हणून मुरलेला मूल्यांकनकार डाग, म्हणजे दागिना, काट्यावर ठेवण्याआधी विचारतो, किंमत कशासाठी हवी?

उत्तर मिळालं की भिंग डोळ्याला लागतं. झाळ कुठे दिली आहे, कडी किती झिजली आहे, शिक्का आहे का, हे आधी बघायचं. जुन्या साजाच्या पानांत आणि बोरमाळेच्या मण्यांत लाख भरलेली असते. त्यामुळे काट्यावर दिसलेलं सगळं वजन सोन्याचं नसतं. अहवालात एकूण वजन आणि निव्वळ वजन असे दोन आकडे लागतात, ते यासाठी.

मग कस. काळ्या, गुळगुळीत कसोटीवर डाग घासून रेघ ओढायची, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ ओढायची आणि दोन्हींवर आम्ल फिरवायचं. हलक्या सोन्याची रेघ आधी फिकी पडते. सरावलेली नजर त्यावरून कसाचा चांगला अंदाज बांधते. पण कसोटीवर उतरतो तो वरचा थर. क्ष-किरणांचं यंत्र डागाला ओरखडाही न काढता मिनिटभरात टक्केवारी सांगतं. तरी सोन्यात त्याची नजर काही मायक्रॉनच्या खाली पोहोचत नाही. मुलामा जाड असला तर दोघंही फसतात.

अशा वेळी शेवटचा शब्द भट्टीचा. डागाचा छोटा तुकडा कापून तोलतात, त्यात चांदी मिसळून शिशाच्या पत्र्यात गुंडाळतात आणि सच्छिद्र कुपीत ठेवून सुमारे हजार अंश तापवतात. शिसं तांब्यासारखे हीण धातू सोबत घेऊन कुपीत मुरतं. उरलेला सोन्या-चांदीचा मणी ठोकून, लाटून पातळ करतात आणि नायट्रिक आम्लात उकळतात. चांदी विरघळते, सोनं राहतं. ते पुन्हा तोललं की कस कळला. यात तुकडा जातो, म्हणून मालकाची लेखी संमती आधी घ्यावी लागते.

१६ जून २०२१पासून देशात टप्प्याटप्प्याने हॉलमार्कचा शिक्का सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय सराफाला हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. २२के९१६ म्हणजे हजारात ९१६ भाग सोनं. विकलेला डाग शिक्क्यापेक्षा हलका निघाला, तर नियमाप्रमाणे कमी पडलेल्या सोन्याच्या किमतीच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च मागता येतो. आजीच्या डागांवर शिक्का नसला, तरी मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात नाममात्र शुल्क भरून ते तपासून मिळतात. कुंदन, पोलकी, जडाऊ आणि २ ग्रॅमच्या आतले डाग सक्तीतून वगळले आहेत. म्हणजे नेमक्या अवघड डागांना माणूसच लागतो.

हिऱ्याचं शास्त्र आणखी वेगळं. उष्णता मोजणाऱ्या साध्या पेनाला खाणीतला हिरा आणि प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा सारखेच वाटतात. किमतीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक. कोंदणात बसलेल्या खड्याचं वजनही मापांवरून काढलेला अंदाजच असतो. सोनं पारखणाऱ्याला रत्नं कळतीलच असं नाही. म्हणून रत्नशास्त्राचं शिक्षण कुठे झालं, हे विचारायला संकोच नको.

करासाठी किंमत हवी असेल तर शासनमान्य नोंदणीकृत मूल्यांकनकार गाठावा. ही नोंदणी संपत्तीकर कायद्यातून आली. तो कर २०१६मध्ये गेला, तरी तिचं काम संपलं नाही. १ एप्रिल २००१च्या आधी घरात आलेलं सोनं विकताना, भांडवली नफ्यासाठी त्या दिवशीचा बाजारभाव धरता येतो आणि त्याला अशा अहवालाचा आधार लागतो.

माणूस निवडताना बाकी दोनच गोष्टी बघाव्यात. फी आधी ठरलेली असावी आणि त्याला तो डाग विकत घ्यायचा नसावा. घेणाऱ्याने केलेली पारख कितीही प्रामाणिक असली, तरी तिच्यात त्याचा व्यवहार मिसळलेला असतो. अहवालात फोटो, दोन्ही वजनं, कस कसा काढला, त्या दिवशीचा भाव, तारीख आणि हेतू हवाच.

वाटणीत या हेतूला फार मोल येतं. एका बहिणीला साज आणि दुसरीला पाटल्या जाणार असतील, तर साज घडणावळीसकट आणि पाटल्या मोडीच्या भावाने धरून चालत नाही. दोन्ही डाग एकाच दिवशी, एकाच हेतूने तोलून घ्यावेत आणि कागदावर दोघींच्या सह्या असाव्यात.