दोन तासांच्या सहा पेन्सिली

सकाळी १०. मुलांसाठी लिहिणारे लेखक रोआल्ड डाल कामाला निघत. जायचं कुठे, तर घरामागच्या बागेत. इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमधलं ग्रेट मिसेंडन हे गाव, तिथलं त्यांचं ‘जिप्सी हाउस’ आणि बागेत पिवळ्या दाराची विटांची एक खोपटी. आत पडदे ओढलेले.

१० वाजून गेले तरी लिहिणं सुरू होत नसे. १९४० साली उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्यांचं लढाऊ विमान कोसळलं, तेव्हापासून पाठीचं दुखणं मागे लागलेलं. म्हणून बसायला आईची जुनी आरामखुर्ची, आणि मणक्यावर दाब येऊ नये म्हणून तिच्या पाठीला पाडलेलं भोक. पाय लाकडं भरलेल्या जुन्या ट्रंकेवर टेकवायचे, थंडी असली की स्लीपिंग बॅगेत घालायचे. खुर्चीच्या दोन्ही हातांवर हिरवं कापड लावलेली फळी आडवी टाकायची; टेबल नाहीच. मग कपड्यांच्या ब्रशने फळीवरचा खोडरबराचा चुरा झटकायचा, थर्मासमधली कॉफी ओतून घ्यायची आणि सहा पेन्सिलींना विजेच्या शार्पनरमध्ये टोक काढायचं.

पेन्सिली पिवळ्या, डिक्सन टायकॉन्डेरोगा. कागदही पिवळाच, आखीव लीगल पॅडचा. दोन्ही अमेरिकेहून मागवलेलं! ज्या देशात बॉरोडेलच्या खाणीत उत्तम ग्रॅफाइट सापडलं, केझिकला पेन्सिलींचे कारखाने उभे राहिले, तिथला हा लेखक.

याला कुणी नखरे म्हणेल. मला तसं वाटत नाही. दुखऱ्या पाठीच्या माणसाला लिहिताना कशाचीच अडचण नको असते. खुर्चीची नको, तशी कागदाचीही नको. शिवाय पेन्सिल खोडता येते, आणि डाल भरपूर खोडत. सहाही पेन्सिली बोथट झाल्या की साधारण दोन तास झालेले असत. घड्याळ बघायची गरज काय?

दुपारी १२. काम बंद. जेवण, डुलकी, ऑर्किडची निगा, कधी घोड्यांच्या शर्यतीवर पैसे लावणं.

४ वाजता पुन्हा तीच खुर्ची, पुन्हा टोकदार पेन्सिली.

संध्याकाळी ६. लिखाण रंगात आलं असलं तरी उठायचं. किंबहुना तेव्हाच उठायचं, म्हणजे उद्या कोऱ्या पानापुढे बसून राहावं लागत नाही. हा हेमिंग्वेचा सल्ला त्यांनी मनापासून पाळला. हस्तलिखित टाइप करायचं काम सेक्रेटरीचं.

त्यांच्या ‘चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी’ (१९६४) आणि ‘मटिल्डा’ (१९८८) या पुस्तकांमध्ये चोवीस वर्षांचं अंतर आहे. लिहायची जागा मात्र तीच.

डाल १९९० साली वारले. खोपटीतलं सामान, खुर्ची-फळीसकट, आता गावातल्याच त्यांच्या संग्रहालयात मांडलेलं आहे. लंडनच्या मॅरिलबोन स्टेशनवरून ग्रेट मिसेंडनला थेट गाडी मिळते. तिकडे जाणं झालं तर अर्धा दिवस राखून ठेवा, आणि मुलांना बरोबर न्या.