पेटी मिळाली नाही म्हणून नव्हे



"पेटी रिकामी नव्हती म्हणं, म्हणून बाळ आईच्या छातीवर बांधून ठेवायला सांगितलं बिचारीला." हे वाक्य मी अजून ऐकते. चर्चच्या आवारात ऐकते, लग्नघरात ऐकते, परवा शेजारच्या काकूंच्या तोंडून ऐकलं. बोलणाऱ्याच्या आवाजात दया असते. जणू पैसेवाल्याचं बाळ काचेच्या पेटीत वाढतं आणि गरिबाचं आईच्या पोलक्यात. बेळगाव आणि आसपासच्या दवाखान्यांत नवजात बाळांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नोकरी केलेली मी बाई. या वाक्याला एकदा नीट उत्तर द्यावं म्हणून लिहिते आहे.

या उपचाराचा जन्म टंचाईतून झाला हे खरंच आहे. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तिथल्या गरिबांच्या मोठ्या बाळंतपणाच्या दवाखान्यात १९७८ च्या सुमारास एकेका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला, दुसऱ्याचा तिसऱ्याला. आया बाहेर, बाळं आत. आठवडेच्या आठवडे हातात न मिळालेलं बाळ घरी न्यायला काही आया परत येतच नसत. डॉ. एदगार रेय यांनी आयांनाच आत घेतलं. बाळाचा श्वास स्थिर झाला की उघड्या अंगाने आईच्या छातीवर उभं ठेवायचं, वरून बांधायचं, आईचंच दूध द्यायचं, आणि बाळ बरं दिसलं की लवकर घरी पाठवून वरचेवर तपासायला बोलवायचं. पुढच्याच वर्षी डॉ. हेक्टर मार्तिनेझ त्यांना येऊन मिळाले. कांगारूचं पिल्लू अर्धवट वाढलेलंच जन्मतं आणि आईच्या पिशवीत पुरं होतं, त्यावरून नाव पडलं कांगारू मदर केअर. आपल्या वॉर्डात नुसतं 'कांगारू' म्हणतात. "सिस्टर, माझं कांगारू झालं, आता जेवून येऊ का?"

पण टंचाईतून जन्मलेली प्रत्येक गोष्ट कमअस्सल असते असं कुठे आहे? आपला तारणारा गोठ्यात जन्मला, हे तर या पानाच्या वाचकांना मी सांगायला नको.

आता पुढचं ऐका. अलीकडे घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि आपला भारत अशा पाच देशांतल्या पाच मोठ्या दवाखान्यांत मिळून एक अभ्यास झाला. आपल्याकडचा दवाखाना दिल्लीचा सफदरजंग. एक किलो ते एक किलो आठशेच्या आतली ३,२११ बाळं. अर्ध्यांना रीतीप्रमाणे आधी पेटीत वा वॉर्मरखाली ठेवून स्थिर झाल्यावर कांगारू दिलं. अर्ध्यांना जन्मल्याबरोबर, आई किंवा घरचं दुसरं कोणी जवळ ठेवून, छातीवर घेतलं. पहिल्या गटात अठ्ठावीस दिवसांच्या आत शंभरातली जवळजवळ सोळा बाळं गेली, दुसऱ्यात बारा. फरक इतका स्पष्ट दिसला की अभ्यास ठरल्यापेक्षा आधीच थांबवला. हे २०२१ साली छापून आलं. लक्षात घ्या, या दवाखान्यांत पेट्या, वॉर्मर, सगळं होतं. म्हणजे यंत्र नाही म्हणून छाती नव्हे. यंत्र असतानाही आधी छाती. पुढल्याच वर्षी, २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने सांगून टाकलं की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांना जन्मापासूनच हा उपचार द्यावा, आणि दिवसाला आठ ते चोवीस तास द्यावा. श्वासाच्या मशीनवर असलेलं किंवा शॉकमध्ये गेलेलं बाळ यातून वगळलं आहे. तिथे डॉक्टर सांगतील तसं.

आठ ते चोवीस तास. माझ्या लेखाचं सगळं दुखणं या आकड्यात आहे.

कारण आपल्याकडे काय होतं? दवाखान्यात सिस्टर शिकवते, आई सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर धरते. सिझरचे टाके ओढतात, पाठ भरून येते. घरी आली की सासूबाई म्हणतात, "आता बास, बाळाला हाताची सवय लागेल." मग बाळ दुपट्यात गुंडाळून खाटेवर आणि खाटेखाली शेगडी. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या बाळाच्या कातडीखाली चरबी नसते, कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी असते. ऊब आतून तयार करायची तर अंगातली साखर आणि प्राणवायू जाळावा लागतो, आणि तोच त्याच्याकडे तुटपुंजा. गार पडलेलं बाळ आधी पाय गार करतं, मग दूध ओढायचं सोडतं, मग श्वास घ्यायला विसरतं. हो, विसरतं, दिवस भरले नसले की मेंदूला अजून ती सवय नसते. छातीवर असलं की आईच्या श्वासाची लय त्याला आठवण देत राहते. शेगडी ऊब देते, पण धूरही देते, तो त्या इवल्या फुफ्फुसांना सोसत नाही. गरम पाण्याच्या पिशवीने भाजलेली बाळं मी पाहिली आहेत. आईची छाती ना भाजते ना गार पडते.

तर आठ तास एकट्या बाळंतिणीने काढायचे का? मुळीच नाही. ऊब आईचीच पाहिजे असा काही नियम नाही. दूध आईचं, ऊब घरातल्या कुठल्याही निरोगी, स्वच्छ, तंबाखू-विडीपासून लांब असलेल्या माणसाची चालते. आजी चालते, मावशी, आत्या चालते. बाप तर चालतोच.

बापाचं इथे थोडं सविस्तर लिहिते. बऱ्याच वेळा आई एका दवाखान्यात सिझर होऊन पडलेली असते आणि बाळ दुसरीकडे, मोठ्या वॉर्डात हलवलेलं. पहिले तीन-चार दिवस, जे सगळ्यात नाजूक, त्या दिवसांत बाळाजवळ जाऊ शकणारं एकच माणूस म्हणजे बाप. आणि एका दवाखान्याच्या दारावर मी वर्षानुवर्षं पाटी पाहिली : भेटण्याची वेळ ४ ते ५. बापाला भेटायला येणाऱ्यांत मोजलं होतं! त्यावर मी वरिष्ठांशी भांडले. पाटी काही हलली नाही, पण रात्रपाळीत मी तिच्याकडे बघत नसे.

उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला जाणारा एक खानापूरकडचा पोरगा होता. बाळ एक किलो तीनशेचं, मुलगी. बायको वेगळ्या दवाखान्यात, रक्तदाब वाढलेला. मी म्हटलं, "शर्ट काढ आणि ह्या खुर्चीत मागं रेलून बस." तो लाजला. इकडे तिकडे बायका. "अक्का, मला जमायचं नाही. माझे हात बघा की, लोखंडाचे झालेत." मी म्हटलं, "हात कोपरापर्यंत साबणाने धू. आणि हातांचं काम नाहीच बाबा, छातीचं आहे." पडदा ओढला. बाळ ठेवलं तेव्हा पहिली पाच मिनिटं तो श्वास रोखून बसला होता, पोरीला धक्का लागेल म्हणून. मी म्हटलं, "तू श्वास घे, म्हणजे ती घेईल." मग सैल झाला. तासाभराने बघते तर दोघं झोपलेली आणि मॉनिटरवरचे आकडे सकाळपेक्षा स्थिर. चार दिवस तो कामावरून सुटून थेट येत होता, रात्री अकरापर्यंत. पाचव्या दिवशी बायको आली तेव्हा बाळ कसं धरायचं हे त्यानेच तिला शिकवलं, मी नुसती उभी.

धरायचं कसं तेही सांगते, कारण ऐकीव माहितीवर भलतंच केलं जातं. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, पायमोजे आणि लंगोट. दोन स्तनांच्या मध्ये उभं, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं राहतं आणि बाळ आपल्याला दिसतं. पाय बेडकासारखे दुमडलेले. वरून मऊ सुती पट्टी, वरची कड कानाखाली. पोट आवळायचं नाही. त्यावर आपला पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा गाऊन, थंडी असली तर शाल. आपण सपाट झोपायचं नाही, उशांना टेकून रेललेलं असायचं. एकदा घेतलं की तासभर तरी हलवायचं नाही. दर दहा मिनिटांनी काढून-घालून बाळ उलट दमतं. छातीवरच दूध पाजता येतं. चौतिसाव्या आठवड्याच्या आधीच्या बाळांना ओढणं-गिळणं एकदम साधत नाही, त्यांना काढलेलं दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, डॉक्टर सांगतील तेवढं. फारच लहान असलं तर नळीने. बाळ छातीवर असलं की दूधही जास्त उतरतं, हे मी शेकडो बायकांत पाहिलं. साधारण अडीच किलोचं झालं की बाळ स्वतःच हातपाय झाडून बाहेर यायला बघतं. तेव्हा सोडायचं, आधी नाही.

पाय गार, दूध नको, छाती आत ओढली जाते, ओठ निळसर, तळहात-तळपाय पिवळे, यातलं काहीही दिसलं की छातीवर धरूनच दवाखाना गाठायचा. आशा ताई घरी येतात त्यांना दारातून परत पाठवू नका, तायी कार्ड दाखवा, वजन करून घ्या.

घरी सुरू केलं तर उपयोग होतो का, असंही विचारतात. होतो. हरियाणातल्या खेड्यांत आठ हजारांवर कमी वजनाच्या बाळांवर झालेला अभ्यास २०१९ साली आला. घरीच कांगारू शिकवलेल्या घरांत पहिल्या सहा महिन्यांतले मृत्यू साधारण पावपटीने कमी झाले.

आता आपल्या मंडळीबद्दल. आपण ख्रिस्ती लोक सोयर पाळत नाही असं शेजाऱ्यांना अभिमानाने सांगतो. पण बाळ घरी आलं की तिसऱ्या दिवशी वीस माणसं खोलीत, गीत, प्रार्थना, प्रत्येकाचा हात बाळाच्या डोक्यावर, एखाद्याला सर्दी. कमी दिवसांच्या बाळाला ही गर्दी सोसत नाही. प्रार्थना दारातूनही पोहोचते, असा माझा विश्वास आहे. त्यापेक्षा बिस्किटाचे पुडे घेऊन येणाऱ्या भगिनींनी दोन वेळचा डबा आणावा, धुणं न्यावं, मोठ्या मुलाला शाळेत सोडावं. बाळंतीण आठ तास बाळ धरून बसली तर भाकरी कोण करणार हा साधा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर वैद्यकशास्त्राकडे नाही, शेजाराकडे आहे. आमच्या गल्लीत एकदा हे उत्तर एका मुसलमान शेजारणीने दिलं, दीड महिना रोज दुपारचा डबा. आपल्या लोकांना ते सुचलं नव्हतं.

आजींना माझी खास विनंती. रूथच्या पुस्तकात ओबेदाला उराशी घेणारी नामी आजीच होती ना? आणि अलीशाने शुनेमकरणीच्या मुलावर आपलं अंग टाकलं तेव्हा आधी काय झालं असं लिहिलंय? मुलाचं अंग ऊबदार झालं. तो चमत्कार होता, त्यातून मी औषधपाणी काढत नाही. पण बायबल वाचणाऱ्या घराला उघड्या छातीची लाज वाटायचं कारण नाही, एवढं म्हणते.

सगळी बाळं वाचत नाहीत. आठशे-नऊशे ग्रॅमची काही गेली, छातीवर असतानाच गेली. त्या आयांना नंतर लोकांनी विचारलं, "धरून धरून काय उपयोग झाला?" एकीने दिलेलं उत्तर मला पाठ आहे. ती म्हणाली, "नऊ दिवस माझ्या अंगावर होता तो. त्याला माझा वास ठाऊक होता." पाळकसाहेबांनी त्याचा बाप्तिस्माही तिच्या छातीवरच केला होता, वॉर्डात, स्टीलच्या वाटीतल्या पाण्याने. त्या बाईला पुन्हा कोणी तो प्रश्न विचारू नये.

दवाखाने चालवणाऱ्यांकडे मागणं फार नाही. दर बाळामागे मागे रेलणारी एक खुर्ची, एक पडदा, आणि आईबापाला चोवीस तास आत येण्याची मुभा. एका यंत्राच्या किमतीत अशा कितीतरी खुर्च्या येतात. आपल्या लोकांनी दवाखान्याला देणगी देताना पंख्यावर नाव घालण्याऐवजी खुर्चीवर घालावं.

आमच्या स्त्रीमंडळाने बांधायच्या पट्ट्या शिवायला घेतल्या आहेत. बाजारात त्या विकत मिळतात, पण वापरून मऊ झालेल्या शहापुरी लुगड्याची सर त्यांना नाही. एका नऊवारीतून सात-आठ पट्ट्या निघतात. लुगडं गरम पाण्यात धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून रविवारी उपासनेनंतर मागच्या खोलीत द्यावं, तिथे मशीन चालू असतं. नायलॉनचं आणि जरीच्या काठाचं तेवढं आणू नका, जर टोचते.

— एक निवृत्त परिचारिका, बेळगाव