ख्रिस्ती श्रद्धेची मूलतत्त्वे

नागपूरहून गोंदियामार्गे राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत कवी ना. वा. टिळकांना एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाने ‘नवा करार’ दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

या श्रद्धेची मूलतत्त्वे कोणती? देव एकच, तोच पिता, पुत्र व पवित्र आत्मा. पुत्र येशू मनुष्य झाला, मानवाच्या पापांसाठी वधस्तंभावर मेला व तिसऱ्या दिवशी पुन्हा उठला. म्हणून तारण पुण्यसंचयाने मिळत नाही. ती विश्वासाने स्वीकारावयाची कृपा होय. क्षमा लाभलेल्याने मग शत्रूवरही प्रेम करावे.

टिळकांच्या बाप्तिस्म्यामुळे पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. पुढे त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण स्वतःच्या विचाराने. श्रद्धा लादता येत नाही, हेच खरे.